दोड्डप्पांची सुवाच्य प्रत

वसुमतीची चौथी कथा पुण्याहून परत आली, तेव्हा तिच्यापेक्षा पोस्टमनलाच जास्त वाईट वाटलं. ते जाड पाकीट तो आता लांबूनच ओळखायला शिकला होता. "मत्ते बंतु, टीचरम्मा," पुन्हा आलं बघा, असं म्हणून त्याने ते तिच्या हातात ठेवलं आणि मान खाली घालून सायकल वळवली. आत कथा, आणि कथेला टाचलेली तीच छापील चिठ्ठी, 'साभार परत'. ह्यात आभार कसले मानतात, हे वसुमतीला कधी कळलं नाही.

ही गोष्ट १९५८ सालच्या शेवटाची. बंगळुरात बसवनगुडीला, गांधी बाजाराच्या मागे एक वठार होतं, म्हणजे एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं आणि सहांत मिळून एक नळ. कुणाकडे आज काय शिजलं हे सगळ्यांना ठाऊक. टोकाच्या बिऱ्हाडात वसुमती आणि तिचे दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ भीमाचार्य, असे दोघंच राहत. वसुमती छत्तीस वर्षांची, कन्नड प्राथमिक शाळेत पहिलीची मास्तरीण. तिच्या लग्नाचा विषय घराने दहा वर्षांपूर्वी सोडून दिला होता आणि तिने त्याच्याही आधी. आईबाप लहानपणीच गेले, तिला वाढवलं ते भीमाचार्यांनी आणि त्यांच्या बायकोने, कृष्णाबाईने. कृष्णाबाईलाही जाऊन आता सहा वर्षं झाली होती. भीमाचार्य संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी दोन वर्षं पुण्याला शिकून आले होते, त्यामुळे मराठीच्या बाबतीत वठारात ते म्हणतील ती पूर्व दिशा.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला पुढचं काही पटायचं नाही. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतून तीनशे वर्षं मराठी बोलली गेली, पण शाळा कन्नड. रुसायचं मराठीत, भांडायचं मराठीत, आणि वाण्याची यादी करायची कन्नड अक्षरांत. वसुमती मराठी कथा लिहायची तीही कन्नड अक्षरांतच. बाळबोध लिपी हिंदीच्या परीक्षेपुरती कधीतरी गिरवली होती, पण एक पान वाचायचं म्हटलं तर तिला घाम फुटायचा.

म्हणून घरात एक पद्धत पडून गेली होती. रविवारी जेवणं झाली की भीमाचार्य पुण्याचं मासिक मोठ्याने वाचायचे आणि वसुमती ऐकायची. तिची कथा लिहून झाली की वही त्यांच्याकडे जायची. ते बोरू तासून तिची बाळबोधीत सुवाच्य प्रत काढायचे. अक्षर मोत्यासारखं. मग पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद लागायची, पाकीट देवापुढे ठेवलं जायचं आणि तिथून थेट पोस्टात. असं चार वेळा गेलं आणि चार वेळा आलं.

"आता शेवटची एक," वसुमतीने ठरवलं, "पुढच्या दिवाळी अंकासाठी. ती परत आली, तर लेखन बंद." हे नुसतं बोलणं समजू नका. १९५१ साली एकदा रागाच्या भरात तिने कॉफी सोडली होती. गल्लीच्या तोंडाशी कॉफीची चक्की, दिवसभर तो वास, तरी तिने पुन्हा लोटा तोंडाला लावला नव्हता. असली बाई लेखन सोडीन म्हणाली तर सोडणारच.

त्याच महिन्यात समोरच्या बिऱ्हाडात सत्यवतीबाई राहायला आल्या. त्यांचा मुलगा विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. बाई साठीच्या, बुटक्या, आणि जिभेला पुण्याची धार. आठ दिवसांत बातमी फिरली की नवरा गेल्यावर त्यांनी पुण्यात एका मासिकाच्या कचेरीत नऊ वर्षं नोकरी केली, आणि कामही काय, तर रोजचं टपाल फोडायचं. हे ऐकलं आणि वसुमती परत आलेल्या चारही कथा घेऊन समोरच्या दारात उभी राहिली.

पौषातलं बंगळूर म्हणजे अवऱ्याच्या, आपल्या पावट्यासारख्या, शेंगांचं बंगळूर. घरोघरी भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सोलत बसलेल्या बायका. सत्यवतीबाईही एवढ्या थोड्या दिवसांत ते शिकल्या होत्या. सोलतासोलता त्यांनी पाकिटाकडे पाहिलं.

"ही हळद कुणी लावली?"

"दोड्डप्पांनी. शुभ कागद आहे न्हवं, अक्का."

"शुभ असेल. पण टपाल फोडणाऱ्या बाईला वाटतं लग्नपत्रिका आली. आम्ही ती टोपली वेगळी ठेवायचो." त्यांनी हात पुसून सोबतचं पत्र उघडलं. "'श्रीमंत सकलगुणमंडित विद्वज्जनमान्य'... अगं, संपादक आहे तो, कुणी संस्थानिक नाही. नमस्कार, कथा पाठवत आहे, नाव, पत्ता, संपलं. आणि हे काय? 'आम्ही तीनशे वर्षे परमुलखात असल्याने भाषेत दोष राहिल्यास क्षमा असावी.' दुकानदारच म्हणायला लागला, बाई, वांगी किडकी निघतील हो, तर गिऱ्हाईक पिशवी उघडेल का?"

"नाही," वसुमती म्हणाली.

"मग तूही म्हणायचं नाही. आता ऐक. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. समास चार बोटं, संपादकाला तिथे काहीबाही खरडायला आवडतं. परतीची तिकिटं विसरायची नाहीत. कुठली कथा कुठे गेली, कोणत्या तारखेला गेली, ते वहीत लिहून ठेवायचं. परत आली तर संध्याकाळपर्यंत रडायचं, सकाळी तीच दुसऱ्या मासिकाला रवाना. दिवाळी अंकाचं सगळं ज्येष्ठात ठरतं. आश्विनात कथा पाठवणारे लोक मी नऊ वर्षं पाहिले, फटाके वाजल्यावर वात शोधणारे! आणि छापली की मानधन मागायचं. लाजायचं नाही. सोनार लाजतो का?"

वसुमती शाळेत मुलांनी ऐकावं तशी ऐकत होती. इतकं सरळ तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आतापर्यंत जो तो म्हणायचा, प्रतिभा पाहिजे, दैव पाहिजे. समासाचं कुणी बोललं नव्हतं.

"आता माल बघू," म्हणून सत्यवतीबाईंनी सर्वांत वरची कथा उचलली. 'पहिली पंगत' तिचं नाव. ती त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली.

कथा अशी. अनुसूया नावाची एक वयस्क आत्या. घरातलं कुठलंही लग्न असो, मुंज असो, तिला बोलावणं यायचं ते वाढायला. शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं जेवायची. पण भाच्याच्या लग्नात ती पुरुषमंडळींबरोबर पहिल्याच पंगतीला पाट ओढून बसते.

सत्यवतीबाईंनी सुरुवातीचा सूर्योदय वाचला, दोन पानं पुरला. मग शेवटाकडे आल्या. "'इतक्यात अनुसूयाबाईंच्या कमलनेत्रांतून पश्चात्तापाच्या गंगायमुना वाहू लागल्या. पहिला घास मुखी घालण्यापूर्वीच त्या सद्गदित होऊन उठल्या, आणि वाढपाचे पात्र हाती घेऊन वदल्या, सेवा हेच स्त्रीजातीचे भूषण होय!'"

वसुमती गोंधळून बघत राहिली. "ही कुणाची कथा, अक्का?"

"तुझी. खाली नाव तुझं आहे."

"माझी अनुसूया उठत नाही," वसुमती म्हणाली. "ती जेवते."

ती तशीच उठून अंगण ओलांडून घरी गेली आणि आपली कन्नड अक्षरांतली वही घेऊन आली. सत्यवतीबाईंना कन्नड वाचता येत नव्हतं, म्हणून वसुमतीनेच वाचलं. तिच्या वहीत अनुसूया बसते. यजमान खाकरतात, बायका खुणा करतात, नवऱ्यामुलाचा बाप येऊन कानात काही सांगतो. अनुसूया त्याला म्हणते, "स्वल्प थांब, भात येतोय." आणि सगळं जेवण जेवते. चिरोटी दुसऱ्यांदा मागून घेते.

वाचून झालं तेव्हा सत्यवतीबाईंच्या मांडीवरच्या परातीत दाणे तसेच पडून होते.

"माझे हात कुठे थांबले, पाहिलंस?"

"पाट ओढला तेव्हा. मग 'भात येतोय'ला. मग शेवटी."

"आणि कुठे चालू होते?"

"सुरुवातीला. ते देवळाचं सांगितलंय तिथे."

"मग ते देऊळ काढून टाक. कथा पाटापासून सुरू कर. टीका नको नि टीकाकार नको, हातात काम घेऊन बसलेली एक बाई समोर बसवायची आणि तिचे हात बघायचे. मला एक सांग, कन्नड एवढं येतंय, तर कन्नडात का नाही लिहीत?"

"माझ्या कथेतली माणसं घरात मराठीत भांडतात, अक्का. मी काय करू?"

सत्यवतीबाई हसल्या. मग दोघींनी मिळून उरलेल्या तीन प्रती तपासल्या. तिन्हींत तेच. जिथे वसुमतीची बाई उलट बोलली, तिथे प्रतीतली बाई पाया पडली. 'स्वल्प'चं 'किंचित' झालं, आणि किंचितच्या मागे दोन पानं चंद्रोदय आला.

वसुमतीला राग आला. चार वर्षं तिला वाटत होतं की पुण्याने आपल्याला नाकारलं. आपण तर पुण्यापर्यंत पोचलोच नव्हतो! पण राग करायचा कुणावर? ज्याने पाटीवर हात धरून अक्षर शिकवलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या, त्या माणसावर? त्याच्यावर राग काढायला जीभ उचलत नाही, आणि गिळायचा तर घशाखाली उतरत नाही.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता आपल्या हाताने लिहायचं. लिपी शीक."

"ह्या वयात?"

"तू पहिलीची मास्तरीण ना? मग पहिलीत बसायला कसली लाज?"

दुसऱ्या दिवसापासून वसुमती सकाळी चाळीस पोरांना कन्नड अक्षरं गिरवायला लावायची आणि संध्याकाळी समोरच्या ओट्यावर स्वतः बाळबोध गिरवायची. पोरांना जी शिक्षा ती स्वतःला. एक अक्षर चुकलं की दहा ओळी. तिचं अक्षर सुरुवातीला मुंग्या सांडल्यासारखं दिसायचं, फाल्गुनात ते ओळीत आलं, चैत्रात वाचता येऊ लागलं. आणि ह्यात एक गंमत तिच्या ध्यानात आली, जी कुठल्या शहाण्याने सांगून कळली नसती. सावकाश चालणाऱ्या हाताला फालतू शब्द जड होतो. एकेक अक्षर कोरून काढायचं तर माणूस विचारतो, हा शब्द हवाच का? 'पहिली पंगत' तिने आठ वेळा लिहून काढली, आणि दर वेळेला ती एक पान लहान झाली. देऊळ गेलं, वाजंत्री गेली, लग्नाच्या मुहूर्ताची हकिकत गेली. राहिला एक पाट आणि त्याच्यावर बसलेली बाई.

ज्येष्ठ लागला. एका रविवारी भीमाचार्य नवीन बोरू तासून बसले. "वसू, दिवाळी अंकाची कथा झाली का? वही आण. वेळेत प्रत निघायला हवी."

वसुमतीने पदर खोचला. "ह्या वेळेला प्रत मीच काढली आहे, दोड्डप्पा."

"तू? का? माझं अक्षर वाईट झालं?"

"अक्षर चांगलं आहे. पण कथा माझी राहत नाही."

भीमाचार्यांनी बोरू खाली ठेवला. "पुण्यात मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. दोन वर्षं. 'स्वल्प' म्हटलं की हसायचे, 'बरं'ला 'सरी' म्हटलं की हसायचे. शेवटी मी वर्गात बोलणंच सोडलं. तुला हसतील ते, वसू. तुला ठाऊक नाही."

"हसू देत. मला हसले तरी चालेल. पण माझी अनुसूया उठायला नको."

अनुसूयेचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा एकदम कसासाच झाला. ते उठून आत गेले. त्या रविवारी मासिक वाचलं गेलं नाही, आणि पुढच्याही नाही. डोळे दुखतात, एवढंच ते म्हणत. दोन माणसांच्या घरात अबोला म्हणजे जेवणात मीठ नसणं. वसुमतीने कथा पाठवली, हळद न लावता, दोन ओळींचं पत्र जोडून. पोस्टातून घरी येताना तिला रडू आलं, कारण आता कथा परत आली असती तर दोन्हीकडून गेलं असतं. लेखन जायचंच, आणि ज्याच्यापायी दोड्डप्पांना दुखवलं तेही वाया.

श्रावणात पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच घंटी वाजवत आला. "टीचरम्मा! कार्डु! बरी कार्डु!" नुसतं कार्डच आलंय, म्हणजे पाकीट नाही, एवढं त्याला कळत होतं. तेवढ्या वेळात त्याने ते वाचायचाही प्रयत्न केला असणार. कार्डावर तीन ओळी होत्या. कथा दिवाळी अंकासाठी घेत आहोत. तुमच्या बंगळूरकडचे शब्द तसेच ठेवतो. आणखी लिखाण असल्यास पाठवावे.

वसुमतीने ते स्वतः वाचलं. बाळबोधीत, न अडखळता. मग सत्यवतीबाईंना दाखवलं, त्यांनी "मानधनाचं लिहिलंस की नाही?" एवढंच विचारून तिला मिठी मारली. भीमाचार्यांनी कार्ड वाचलं, उलटून पत्ता पाहिला आणि "सरी," एवढं म्हणून परत दिलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अंक आला. तो रविवार नव्हता, पण वसुमतीने जेवणं झाल्यावर चटई घातली आणि म्हणाली, "दोड्डप्पा, बसा. आज मी वाचते."

ते बसले. डोळे मिटून, भिंतीला टेकून. वसुमतीने पाटापासून सुरुवात केली. यजमान खाकरले, बायकांनी खुणा केल्या. 'स्वल्प थांब, भात येतोय' आलं, आणि भीमाचार्यांच्या मिशीत काहीतरी हललं. ती शेवटाला आली. "'अनुसूया जेवली. चिरोटी दुसऱ्यांदा मागून घेतली. ताक प्याली. हात धुऊन पदराला पुसले आणि म्हणाली, हं, आणा ती पळी. आता कोण बसायचं राहिलंय?'"

अंगणात कुणाच्या तरी घरची फुलबाजी सुरसुरत होती. भीमाचार्य डोळे न उघडता म्हणाले, "चिरोटी कृष्णाबाईला फार आवडायची."

"हो."

"तिच्यावरूनच लिहिलंस ना?"

"हो, दोड्डप्पा."

"चाळीस वर्षांत ती एकदाही पहिल्या पंगतीला बसली नाही. बाकीच्या कथांत मी हात घातला तो भीतीने, तुला हसतील म्हणून. हिच्यात तसं नव्हतं, वसू. 'ती बसली, ती जेवली' इथपर्यंत आलो आणि बोरू पुढे जाईना. तसं लिहिलं असतं तर ती बसू शकत होती, आणि मी कधी बस म्हटलं नाही, हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना. म्हणून मी तिला पाटावरून उठवली. मेल्यावरसुद्धा जेवू दिली नाही."

इतके महिने पोटात ठेवलेला राग तिला शोधूनही सापडेना. तिने अंक मिटला आणि त्यांच्या पायाशी सरकून बसली.

"कागद घे," ते म्हणाले. "माझे डोळे दुखतात. मी सांगतो, तू लिही. संपादकांना."

वसुमतीने कागद घेतला, एका बाजूला चार बोटं समास सोडला.

"नमस्कार. ह्यापूर्वी आपण परत केलेल्या चार कथांतल्या शोभेच्या ओळी आणि शेवट लेखिकेचे नव्हते. त्यांतली एक आता आपण मूळ रूपात छापली आहे. उरलेल्या तिन्ही तशाच मागवून घ्याव्या. त्या चांगल्या आहेत. दोष लेखिकेचा नव्हे, नक्कल करणाऱ्याचा आहे."

वसुमतीचा हात 'दोष'पाशी थांबला. एवढा कडक शब्द कशाला? म्हातारा माणूस, परक्या लोकांपुढे. 'अनवधान' लिहिलं तर? 'थोडी चूक' लिहिली तर? ह्यांना कुठे दिसणार आहे? आणि तिला एकदम कळलं की चार वर्षं त्या मोत्यासारख्या अक्षराचा हात कसा चालला असेल. असाच, अगदी असाच. मायेने.

"थांबलीस का?" भीमाचार्यांनी विचारलं. डोळे अजून मिटलेले. "मी सांगतो तसं लिही."

"लिहिते, दोड्डप्पा," ती म्हणाली, आणि तिने 'दोष' लिहिलं.

सही मात्र त्यांनी स्वतः केली. मग सवयीने त्यांचा हात देवापुढच्या हळदीच्या करंड्याकडे गेला आणि अर्ध्यावरच अवघडून थांबला.

"लावा," वसुमती म्हणाली. "ह्याला चारी कोपऱ्यांना लावा."